गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मागच्या अंकात गोधड्यांना ऊन दाखवण्याविषयी आणि स्वेटर पेटीतून काढण्याविषयी लिहिलं, तेव्हा घरातली एक वस्तू आमच्या लक्षातच आली नाही. अंगणातल्या पत्र्याखाली उभी असलेली आमची गाडी. थंडी तिलाही वाजते, आणि ती कुडकुडायला लागली की आपला खिसा कसा मोकळा होऊ शकतो, हे गेल्या हिवाळ्यात आम्ही जवळून पाहिलं. खिसा थोडक्यात वाचला, म्हणून हे लिहितोय.

आमचं घर लासलगावात. निफाड तालुक्यातली थंडी वर्तमानपत्रात गाजते ती उगीच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. द्राक्षबागांना कडाका लागू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. आमची शाळा घरापासून अठरा किलोमीटरवर. फजरनंतर डबे भरायचे, सहाच्या सुमाराला निघायचं, वाटेत गणिताच्या बाई आणि विज्ञानाच्या बाई गाडीत बसणार, पेट्रोलचा खर्च तिघींत. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. मुलीच्या अब्बांची नोकरी सुरगाणा तालुक्यात, ते शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही, दहावीतली लेक आणि एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले सासरे, म्हणजे अब्बाजान. गाडी दहा वर्षांची, छोटी, पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडीने दोन खोड्या सुरू केल्या. सकाळी निघालं की पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये दांडा जाईचना. जोर लावला की खर्रर्र आवाज करून जायचा. आणि वेग चाळीसच्या वर गेला की स्टिअरिंग हातात थरथरायचं, सीटखालीही धडधड जाणवायची. गणिताच्या बाई मागून म्हणाल्या, "रस्ता खराब आहे का आज?" रस्ता रोजचाच होता.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली. तोवर दुपारचे दोन वाजलेले, ऊन चांगलं तापलेलं, गाडी अठरा किलोमीटर चालून आलेली. थरथर नाही, आवाज नाही. तरीही तो म्हणाला, "मॅडम, गिअरबॉक्स गेलाय. उतरवावा लागेल. थरथर पण त्याचीच. सव्वीस हजार धरून चाला, जास्तही होतील." आणि पुढे हसून, "लेडीज लोक क्लचवर पाय ठेवून चालवतात ना, त्यामुळे होतं असं."

हे शेवटचं वाक्य आम्हाला सव्वीस हजारांपेक्षा जास्त लागलं. पण खोटं कशाला बोलायचं, ते खरं असेल की काय, अशी भीतीही मनात बसली. त्या महिन्यात घरात बाजूला ठेवलेले पैसे होते ते लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आणि पुढच्या क्लाससाठी. रात्री मुलीचे अब्बा आले. त्यांचा निर्णय तयार होता. "विकून टाकू. जुनी गाडी, आज गिअरबॉक्स, उद्या आणखी काही." मग शाळेला कसं जायचं, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं.

अब्बाजान एवढा वेळ गप्प बसून चहा पीत होते. त्यांनी एकच विचारलं. "त्याने गाडी थंड असताना चालवून पाहिली का?"

वाचकहो, आम्ही बी.एड. करून आता वीस वर्षं होत आली. तिथे एक गोष्ट घोटून घेतात, निदानात्मक चाचणी. मुलाला भागाकार येत नाही, म्हणून त्याला आणखी पन्नास भागाकार द्यायचे नाहीत. आधी शोधायचं की तो नेमका कुठे अडतो. बऱ्याचदा त्याला भागाकार कळलेला असतो, हातच्याची वजाबाकी चुकत असते. वर्गात आम्ही हे रोज करतो आणि गाडीच्या बाबतीत मात्र पहिल्याच माणसाने सांगितलेलं मान्य करून मान खाली घालून घरी आलो होतो. सव्वीस हजारांचा उपचार ठरला, पण निदान झालंच नव्हतं. जो आजार पहाटे येतो, त्याची तपासणी दुपारी दोन वाजता झाली होती.

मग आम्ही वही केली. लेकीने दोनशे पानी वहीत रकाने आखले: तारीख, किती वाजता निघालो, गाडी किती तास उभी होती, गिअर किती अडला, थरथर कितव्या वेगाला, कुठल्या गावापाशी थांबली. नऊ दिवस ही वही चालली. विज्ञानाच्या बाई मागच्या सीटवर बसून नोंदी करायच्या. त्यांना यात फार मजा येत होती. आम्हाला तेवढी नव्हती.

अब्बाजानांचा पहिला नियम असा की दोन तक्रारी एकत्र बांधायच्या नाहीत. थरथर वेगळी, गिअर वेगळा. एकाच दिवशी ताप आला आणि पाय मुरगळला म्हणून पाय तापाने मुरगळला असं होत नाही. त्यामुळे आम्हीही इथे वेगवेगळंच सांगतो.

आधी थरथर. ती नेमकी कधी होते यावरून तिचं घर सापडतं. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन चालू आहे आणि तरी सीट, आरसा, स्टिअरिंग हलतंय, तर शोध इंजिनाकडे घ्यायचा. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं ते रबर जुनं झालं की थंडीत आणखी कडक होतं आणि इंजिनाचे धक्के गिळायच्या ऐवजी सरळ बॉडीला देतं. किंवा स्पार्क प्लग, कॉइल यांच्यापैकी काही कमजोर असेल तर इंजिन लंगडतं, एखादा ठोका चुकवतं. तसं असेल तर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि तो लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये, लगेच दाखवावी. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की थंड गाडी सुरू केल्यावर इंजिन पहिली एक-दोन मिनिटं मुद्दाम जरा जोरात फिरतं आणि मग आपोआप शांत होतं. तो दोष नव्हे.

उभी असताना गाडी शांत, आणि वेग वाढला की थरथर, तर ती चाकांकडची असण्याचा संभव जास्त. याची एक सोपी परीक्षा अब्बाजानांनी करून घेतली. मोकळा सरळ रस्ता, मागेपुढे कोणी नाही, थरथर चालू आहे अशा वेगाला क्लच पूर्ण दाबायचा आणि अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा. इंजिन मंदावतं, गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही, चाकं आणि टायर पाहा. थरथर थांबली तर इंजिनाकडे, माउंटिंगकडे वळा. नुसता अॅक्सिलरेटर दाबल्यावरच थरथर येत असेल तर चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या अॅक्सलचे सांधे तपासायचे. आमची थरथर क्लच दाबूनही तशीच राहिली. म्हणजे बिचाऱ्या गिअरबॉक्सवरचा अर्धा आरोप तिथेच गळून पडला.

वहीने पुढचं सांगितलं. थरथर पहिल्या सात-आठ किलोमीटरच, मग नाहीशी. आणि सोमवारी सर्वांत जास्त. मंगळवारपासून कमी. सोमवारीच का? लेकीने रकाना दाखवला: शनिवारी दुपारपासून सोमवारी पहाटेपर्यंत गाडी चाळीस तास एका जागी उभी. मधल्या एका रविवारी आम्ही सगळे येवल्याला एका निकाहला गाडीनेच गेलो होतो, रात्री परतलो. त्या सोमवारी थरथर नेहमीच्या मंगळवारइतकीच! ही नोंद पाहून विज्ञानाच्या बाईंनी गाडीतच टाळी वाजवली.

झालं होतं असं. गाडी बराच वेळ एका जागी उभी राहिली की तिच्या वजनाने टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. उन्हाळ्यात रबर मऊ असतं, चार फेऱ्यांत ते पुन्हा गोल होतं. थंडीत मात्र रबर आणि आतले नायलॉनचे धागे तो चपटेपणा धरून ठेवतात. मग प्रत्येक फेरीला तो भाग रस्त्यावर आपटतो आणि तेच स्टिअरिंगमध्ये जाणवतं. चालून चालून टायर गरम झाला की पुन्हा गोल. हवा कमी असेल तर चपटा भाग मोठा होतो आणि त्रास वाढतो.

"पण हवा तर आम्ही भरतो," असं आम्ही म्हणालो. भरत होतो, दुपारी, शाळेतून येताना. चाललेल्या गरम टायरमध्ये हवा फुगलेली असते, त्यामुळे काटा बरोबर दाखवतो. तापमान साधारण पाच-सहा अंश उतरलं की टायरमधला दाब एक पीएसआयने उतरतो. दुपारच्या अठ्ठावीस अंशांवर बरोबर भरलेली हवा पहाटेच्या सात अंशांवर तीन-साडेतीनने कमी असणारच. एका पहाटे अब्बाजान कानटोपी घालून सोबत आले आणि घरापासून जवळच असलेल्या पंपावर हवा मोजली. हवी होती 30. पुढच्या डाव्या चाकात निघाली 22, बाकीच्यांत 24-25. गाडीला किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, आणि तो आकडा थंड टायरचा असतो. पंपावरचा मुलगा म्हणाला, नायट्रोजन भरा, थंडीत उतरत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे हे विज्ञानाच्या बाई सोबत असत्या तर त्यांनी त्याला तिथेच शिकवलं असतं. आम्ही फक्त साधी हवा भरून निघालो.

तिथेच अब्बाजानांनी टॉर्च मारून टायरच्या कडेवरचा आकडा वाचायला लावला. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2317 असेल तर टायर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आमच्या पुढच्या दोन टायरांचं वय सात वर्षं निघालं. खाचा अजून दिसत होत्या, म्हणून आम्ही त्यांना तरुण समजत होतो. रबर मात्र म्हातारं झालं होतं, कडांवर बारीक भेगा होत्या. हवा बरोबर केल्यावर थरथर निम्म्याने उतरली. सोमवारी थोडी राहिलीच.

आता गिअर. इथे अब्बाजानांची एसटी कामाला आली.

त्यांच्या उमेदीच्या काळातल्या गाड्यांचा गिअर आजच्यासारखा लोण्यातून सुरी जावी तसा पडत नसे. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग पुढचा गिअर. दोनदा क्लच. आत फिरणाऱ्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळला नाही तर ती एकमेकांवर खरडतात, आणि हा वेग ड्रायव्हरने स्वतः जुळवायचा असे. आजच्या गाडीत ते काम पितळेची एक छोटी कडी करते. तिला सिंक्रोनायझर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं सिंक्रो. दांडा ढकलला की ही कडी गिअरच्या उतरत्या कडेला घट्ट घासते, दोघांचा वेग एक करते आणि मग दाते गुपचूप एकमेकांत बसतात. घासायचं तर मधलं तेल बाजूला सारावं लागतं. त्यासाठी कडीवर बारीक खाचा असतात. तेल फार दाट असेल तर ते खाचांतून वेळेवर सरकत नाही, कडीची पकड बसत नाही, आणि दांडा अडतो किंवा खरडतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वेगातला फरक मोठा, म्हणून बहुतेक गाड्यांत दुसरा गिअरच आधी रडतो.

अब्बाजानांनी आम्हाला पहाटेच्या अंधारात, आमच्या गल्लीबाहेरच्या रस्त्यावर, एसटीच्या पद्धतीने दोनदा क्लच मारायला शिकवलं. पंचेचाळिसाव्या वर्षी! पहिल्या चार वेळा गाडीने माना डोलावल्या. पाचव्या वेळी दुसरा गिअर थंड गाडीत असा अलगद पडला की आम्ही दोघंही क्षणभर काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "क्लच शाबूत आहे. तुझा पाय शाबूत आहे. बिघाड त्या कडीपाशी आहे, नाही तर तेलात."

का, ते समजून घेण्यासारखं आहे. दोनदा क्लच मारून वेग आपण जुळवला की कडीला काम उरत नाही. तेव्हा गिअर सहज पडला तर अडचण कडीच्या पकडीत. क्लच नीट सुटत नसता तर कितीही वेळा दाबून गिअर खरडलाच असता. क्लचची आणखी एक परीक्षा त्यांनी घेतली. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद मोजायचे आणि रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच अर्धवट सुटत असेल तर तो ओरडून सांगतो. आमचा रिव्हर्स शांतपणे पडला. त्या सकाळी शाळेत जाताना आम्ही जरा ताठ बसून गाडी चालवली, हे कबूल करायला हवं.

मग कडी की तेल? वहीचा रकाना पुन्हा उघडला. पहिले पाच-सहा किलोमीटर दुसरा गिअर अडतो, मग सुधारतो, शाळेच्या दारात पोहोचेपर्यंत अगदी ठीक. दुपारी परत येताना कधीच त्रास नाही. कडी झिजलेली असती तर गरम गाडीतही तिने थोडीफार कुरकुर केलीच असती. संशय तेलावर आला. पण तेल तर आम्ही मे महिन्यातच बदललं होतं!

लेकीने गाडीचा कप्पा उपसला. त्यात गाडीसोबत आलेली पुस्तिका होती, दहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, आमच्याच्याने कधी न उघडलेली. तिच्यात गिअरबॉक्सचं तेल लिहिलं होतं 75W-80. आणि तिच्याच खाली मे महिन्याचं बिल, त्यावर हाताने लिहिलेलं: गिअर ऑईल 140 नंबर, 2 लि.

मे महिन्यातली गोष्ट तेव्हा आठवली. गाडी पन्नासच्या पुढे गेली की घूंऽऽ असा आवाज यायचा. एका ठिकाणी दाखवली तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं होतं, गिअरबॉक्सचा आवाज आहे, दाट तेल टाकतो, बंद होईल. आवाज कमी झाला असं आम्हालाही वाटलं होतं. पैसे दिले की कान समजूतदार होतात.

या आकड्यांचा अर्थ थोडक्यात. W म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. नंतरचा आकडा गरम झालेल्या तेलाची दाटी सांगतो. मोठ्या गाड्यांच्या मागच्या अॅक्सलला चालणारं 140 नंबरचं तेल छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर मे महिन्यात ते निभावून जातं. डिसेंबरच्या पहाटे ते काकवीसारखं होतं. शिवाय तेलाच्या डब्यावर जीएल-4, जीएल-5 असं लिहिलेलं असतं. पाच हा चारपेक्षा मोठा म्हणून चांगला, असं नाही. जीएल-5 मधली रसायनं जड दाबासाठी केलेली असतात, सिंक्रोच्या घर्षणाला ती फार निसरडी पडतात आणि काही तेलांतली पितळेलाही बाधतात. पुस्तिकेत लिहिलं आहे तेच घालायचं. आणि इंजिन ऑईलचा 40 नि गिअर ऑईलचा 90 यांची तुलना करू नका. त्या दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत.

मालमोटारी दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री अब्बाजानांच्या ओळखीचे. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी वही, पुस्तिका आणि बिल घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वही आधी पाहिली. रकाने पाहून लेकीला म्हणाले, "बेटी, माझ्या पोरांना पण शिकव हे." पुस्तिकेतलं तेल त्यांच्याकडे नव्हतं. नाशिकहून मागवायला दोन दिवस लागतील म्हणाले. ज्याच्याकडे योग्य तेल नाही आणि जो तसं सांगतो, त्याच्यावर आमचा भरवसा बसतो.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. चालवून गरम केलेल्या गाडीच्या खालचा बोल्ट त्यांनी सोडला. तेल ट्रेमध्ये पडलं. त्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, आतला लोखंडाचा चुरा त्याला चिकटतो. मिस्त्रींनी तो बोटाने पुसला आणि बोट उजेडात धरलं. त्या बोटाकडे आम्ही असे पाहत होतो की जणू लेकीच्या निकालाचा कागदच. तिची अकरावी त्या बोटावर होती म्हटलं तरी चालेल.

राखाडी, बारीक, मलमासारखा थर. कण नाहीत, तुकडे नाहीत. मग त्यांनी ट्रेमधलं तेल उन्हात तिरपं करून पाहिलं. सोनेरी चकाकी असती तर पितळेची कडी झिजतेय असा अर्थ झाला असता. चकाकी नव्हती. "दहा वर्षांच्या गाडीला एवढं राखाडी असायचंच," मिस्त्री म्हणाले. "बॉक्स उतरवायला कोण म्हणालं?" आम्ही नाव सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही. त्याने खोटंच सांगितलं असं आम्हाला आजही वाटत नाही, त्याने बघितलंच नाही.

नवं तेल वरच्या छिद्रातून, गाडी सपाट उभी करून, छिद्राच्या काठापर्यंत भरलं. तेल आणि मजुरी मिळून चौदाशे रुपये. दुसऱ्या दिवशी पहाटे सात अंश होते. दुसरा गिअर पडला. अगदी लोण्यासारखा नाही, पहिल्या दोन किलोमीटर जरा जड, पण खरडला नाही. तेवढं जडपण थंडीत चालतं, असं मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

इथे एक सवय सांगायला हवी, कारण बहुतेक घरांत ती उलटी आहे. थंडीत गाडी सुरू करून दहा मिनिटं तशीच चालू ठेवायची, तोवर चहा. याने इंजिन तापतं, पेट्रोल जळतं, पण गिअरबॉक्सचं तेल जवळजवळ थंडच राहतं. ते तापतं गाडी चालल्यावरच. अर्धा-एक मिनिट इंजिन स्थिर होऊ द्यावं आणि मग निघावं. पहिले चार-पाच किलोमीटर घाई नाही, जोर नाही, गिअर टाकताना एक श्वास थांबायचं. आणि बंद शेडमध्ये किंवा गॅरेजचं दार लावून गाडी कधीही चालू ठेवू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो.

ज्यांच्याकडे क्लच नसलेली गाडी आहे, त्यांनी हे वाचून सुटलो असं समजू नये. त्यातल्या एएमटी म्हणतात त्या गाड्यांचा गिअरबॉक्स आतून आमच्यासारखाच असतो, क्लच दाबायचं काम यंत्र करतं इतकंच. त्यामुळे तेलाचा नियम तोच. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये थंड सकाळी डीवर टाकल्यावर गाडी क्षणभर उशिरा पकड घेते, ते चालतं. गरम झाल्यावरही धक्के बसत असतील, किंवा इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही असं होत असेल, तर तेलाची पातळी आणि रंग लवकर तपासून घ्यावा.

आता राहिला तो मे महिन्याचा घूंऽऽ आवाज. दाट तेल काढलं आणि तो आवाज पुन्हा आमच्या कानावर यायला लागला, किंवा इतके दिवस होताच, आम्ही ऐकत नव्हतो. मुलीचे अब्बा म्हणाले, "बघा, गिअरबॉक्सच." पण आता घरात वही होती. त्या रविवारी मोकळ्या रस्त्यावर अब्बाजान डाव्या सीटवर, लेक मागे. पन्नासच्या वेगात गाडी हलकेच उजवीकडे वळवली की आवाज वाढायचा, डावीकडे वळवली की कमी. गिअर बदलून पाहिला, न्यूट्रल करून पाहिला, आवाजाला काही फरक नाही. गिअरबॉक्सला रस्त्याचं वळण कळत नाही. चाकाला कळतं. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून डाव्या चाकाचा बेअरिंग. मिस्त्रींनी चाक उचललं, एका हाताने फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. मग लेकीचा हात घेऊन तिथे ठेवला. तिला स्प्रिंगमधून किरकिर जाणवली. बेअरिंग आणि प्रेसवर बसवण्याची मजुरी, बावीसशे.

म्हणजे गिअरबॉक्सच्या एका दुखण्यावर दाट तेलाचा उपचार झाला होता, आणि ते दुखणं गिअरबॉक्सचं नव्हतंच. त्या उपचाराने नवं दुखणं आणलं, आणि त्या नव्या दुखण्यावर सव्वीस हजारांचा उपचार सांगितला गेला.

पुढचे दोन टायर आम्ही जानेवारीच्या पगारात घेतले, मागचे दोन अजून तेच आहेत. त्यामुळे सोमवारी पहाटे सीटखाली किंचित धडधड असतेच. गणिताच्या बाई विचारतात, "आज सोमवार ना?" मुलीचे अब्बा रविवारी संध्याकाळी मुद्दाम गाडी काढून विंचूरपर्यंत चक्कर मारून येतात, टायर गोल राहावेत म्हणून. दोनदा क्लच मारायला आता त्यांनाही शिकायचं आहे. अब्बाजान म्हणतात, आधी वही वाच.